अनडूचा साठा आणि अल्बमची मंदावलेली मशीन

तुळशीचं लग्न लागलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात अल्बमची कामं सुरू होतात, ती मे सरेपर्यंत थांबत नाहीत. या दिवसांत स्टुडिओतल्या मशीनचं एक दुखणं हमखास वर येतं. सकाळची पहिली शीट झरझर होते. पाचव्या-सहाव्या शीटपर्यंत ब्रश हाताच्या मागं पडायला लागतो, झूम केलं की चित्र चौकोनाचौकोनानं उमटतं, आणि कंट्रोल-झेड दाबल्यावर मागची पायरी यायला चार-पाच सेकंद जातात. जो येतो तो रॅम वाढवायला सांगतो. सल्ला चुकीचा नाही, पण अनडूचा, म्हणजे मागं फिरण्यासाठी जपलेल्या पायऱ्यांचा, साठा किती होतोय आणि कुठं पडतोय हे आधी बघितलं तर पुष्कळदा रॅमचा खर्च टळतो.

हे सगळं ज्या मशीनवर केलं तिच्यात चार कोअरचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज असलेली २५६ जीबीची एसएसडी आणि फोटो ठेवायला १ टीबीची फिरती हार्डडिस्क आहे. काम फोटोशॉपवर. शेजारच्या दुसऱ्या मशीनवर गिंप हे फोटो सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचं पुढं सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक स्टुडिओत याच वकुबाच्या मशीन असतात, त्यामुळं आकडे थोडेफार सगळीकडं लागू पडतील.

आधी हिशेब. करिझ्मा अल्बमची १२ बाय ३६ इंचांची शीट ३०० रिझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, उघडली की ती ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते. म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. ८ बिटमध्ये एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट लागतात, तेव्हा नुसती एक सपाट शीट १११ एमबीची. लेअरला, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या थराला, पारदर्शकता असली तर चौथा चॅनेल येतो आणि तीच शीट १४८ एमबीवर जाते. १६ बिट केलं की सगळं दुप्पट. आता अख्ख्या शीटवर एखादा फिल्टर मारला तर मागं फिरता यावं म्हणून सॉफ्टवेअर आधीची शीट पूर्ण जपून ठेवतं. असे ५० फिल्टर मारले तर १११ गुणिले ५०, म्हणजे साडेपाच जीबीच्या आसपास. ८ जीबीच्या मशीनमध्ये विंडोज, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप आपला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात. मग ही साडेपाच जीबी ठेवायची कुठं?

भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात, तसं हे आहे. आधी एक खोली भरते, मग दुसरी, मग झोपायला जागा उरत नाही आणि गाठोडी पडवीत येतात. रॅम म्हणजे घर, आणि पडवी म्हणजे स्क्रॅच डिस्क. रॅम भरली की फोटोशॉप जुन्या पायऱ्या स्क्रॅच डिस्कवर लिहायला लागतं. फिरत्या हार्डडिस्कचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी धरा, तोही सलग लिहिताना. म्हणजे अख्ख्या शीटची एक पायरी लिहायलाच सेकंदाहून जास्त वेळ जातो. त्यात डिस्कला त्याच वेळी दुसरी पायरी वाचायची असली, किंवा त्याच डिस्कवरून फोटो उघडायचा असला, की तिचं डोकं पुढं-मागं पळत राहतं आणि वेग आणखी खाली येतो. कान लावला तर कॅबिनेटमधून बारीक करकर ऐकू येते, आणि डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून सलग पेटलेला असतो.

अंदाजानं काही बदलण्याआधी मोजून घ्यावं. फोटोशॉपच्या खिडकीच्या तळाशी डावीकडं फाइलचा आकार दिसतो. त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की यादी उघडते, तिच्यातलं एफिशियन्सी निवडायचं. १०० टक्के दिसलं तर सगळं काम रॅममध्ये चाललंय. १०० च्या खाली आलं की स्क्रॅच डिस्क वापरात आली. आमच्याकडं सहाव्या शीटला हा आकडा पन्नाशीच्या आत आला होता. त्याच यादीत स्क्रॅच साइझेस आहे, त्यात दोन आकडे दिसतात. डावा म्हणजे उघड्या चित्रांसाठी आत्ता लागणारी मेमरी, उजवा म्हणजे फोटोशॉपच्या हाती असलेली रॅम. डावा उजव्यापेक्षा मोठा झाला की घर भरलं.

दुसरी तपासणी टास्क मॅनेजरमध्ये. परफॉर्मन्स टॅबवर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर दोष साठ्याचा. उलट डिस्क शांत आहे, एफिशियन्सी १०० आहे आणि तरी मशीन जड चालतेय, तर अनडूच्या मागं लागू नका. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे नक्की तपासावं लागतं. बाहेर ४५ अंश असताना खोलीत कूलर असला तरी कॅबिनेट तापतं, आणि जीव वाचवायला प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये दिसतो. कामाच्या भरात तो मूळ वेगापेक्षा खाली बसलेला दिसला तर आधी फॅनवरचा धुरळा आणि कापसाचा तंतू काढा, हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट बदला. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नका, ती ओलसर असते.

मोजमापावरून आमच्या मशीनमध्ये दुखणं साठ्याचंच निघालं, आणि त्याला तीन कारणं होती. हिस्टरी स्टेट्स, म्हणजे अनडूसाठी जपायच्या पायऱ्या, २०० वर नेऊन ठेवले होते. सी ड्राइव्ह भरू नये म्हणून स्क्रॅच डिस्क फिरत्या हार्डडिस्कवर दिली होती. आणि एका शीटसाठी लागणारे वीस-पंचवीस मूळ फोटो शीट पूर्ण होईपर्यंत उघडेच ठेवले जात होते. हिस्टरी प्रत्येक उघड्या फाइलची वेगळी असते, हे तिसरं कारण समजायला सर्वांत जास्त वेळ लागला. एखाद्या फोटोवर लेव्हल्स, क्रॉप आणि शार्पन करून तो शीटवर ओढून घेतला, तरी मागच्या खिडकीत त्याच्या सगळ्या पायऱ्या तशाच पडून राहतात.

अर्धी शीट झालेली असताना तातडीचा उपाय म्हणजे साठा रिकामा करणं. आधी फाइल सेव्ह करा. मग एडिट मेनूत पर्ज, त्यात हिस्टरीज. हा हुकूम सगळ्या उघड्या फाइलींना लागू होतो आणि परत घेता येत नाही, म्हणून आधी सेव्ह. एकाच फाइलचा इतिहास पुसायचा असेल तर हिस्टरी पॅनेलच्या मेनूत क्लिअर हिस्टरी आहे. इथं एक खाच आहे. साधं क्लिअर हिस्टरी केलं तर यादी रिकामी दिसते, पण मेमरी सुटत नाही, कारण ते पुसणं अनडू करता यावं म्हणून सगळं जपलेलंच असतं. अल्ट दाबून धरून क्लिअर हिस्टरी निवडलं तरच पायऱ्या खरोखर जातात.

पर्ज केल्यावर पुष्कळ जण टास्क मॅनेजर बघतात आणि काहीच कमी झालं नाही म्हणतात. फोटोशॉपनं एकदा विंडोजकडून घेतलेली रॅम ते बंद होईपर्यंत सहसा सोडत नाही, स्वतःच आतल्या आत पुन्हा वापरतं. म्हणून फरक स्क्रॅच साइझेसच्या डाव्या आकड्यात बघायचा. तो उतरला आणि ब्रश मोकळा झाला, की निदानही पक्कं झालं. पर्ज करूनही ढिम्म फरक पडला नाही, तर दुखणं दुसरं.

आता कायमच्या मांडणीकडं. एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स. हिस्टरी स्टेट्स मूळचे ५० असतात, १००० पर्यंत नेता येतात. अल्बमच्या कामाला आम्ही २५ ठेवले. जुन्या आवृत्त्यांत हा आकडा २० च असायचा आणि त्यावरही लोकांनी ढीगभर अल्बम केले. त्याच पानावर मेमरी युसेज आहे, ते मूळ ७० टक्क्यांवरच राहू दिलं. हे ९०-९५ वर नेण्याचा मोह आवरा. विंडोजला रॅम कमी पडली की ती स्वतःची पेजफाइल डिस्कवर लिहायला लागते. मग एकाच डिस्कवर फोटोशॉपचाही माल उतरतोय आणि विंडोजचाही, आणि मशीन आधीपेक्षा वाईट चालते. कॅश लेव्हल्स ४ वर होत्या, त्यांना हात लावला नाही.

स्क्रॅच डिस्कचं पान वेगळं आहे. तिथं फिरत्या डिस्कवरची खूण काढून एसएसडीवर लावली. विंडोज असलेल्या डिस्कवर स्क्रॅच देऊ नये हा नियम दोन्ही डिस्क फिरत्या असायच्या त्या काळातला. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास लिहिते आणि तिला डोकं फिरवावं लागत नाही, त्यामुळं एकच एसएसडी असली तरी स्क्रॅच तिच्यावरच द्यावी. अट एवढीच की तिच्यावर जागा मोकळी हवी. आम्ही २५६ पैकी निदान ६० जीबी मोकळी ठेवतो. काठोकाठ भरलेली एसएसडी स्वतःही मंदावते. पेनड्राइव्ह किंवा यूएसबीवरची बाहेरची डिस्क स्क्रॅचला कधीच देऊ नका, वायर हलली की काम गेलं. हे सगळं बदलून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. स्क्रॅच डिस्क भरल्याचा संदेश येऊन सॉफ्टवेअर उघडतच नसेल, तर कंट्रोल आणि अल्ट दाबून धरून ते सुरू करा, डिस्क निवडायची खिडकी आधी येते.

हिस्टरी पॅनेलच्या पर्यायांत फाइल उघडताच पहिला स्नॅपशॉट आपोआप घ्यायची खूण असते. तीही काढली. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाच्या चित्राची जपलेली प्रत, तो फाइल बंद होईपर्यंत मूळ चित्र धरून बसतो, आणि मूळ चित्र तर डिस्कवर आहेच. एफ-१२ दाबलं की शेवटी सेव्ह केलेली फाइल परत येते.

पायऱ्या २५ केल्या की दोन दिवसांत तक्रार येतेच: चेहऱ्यावरचे डाग काढताना तीस क्लिक झाले, आता मागं जाता येत नाही. तक्रार रास्त आहे. छोट्या ब्रशचा एक क्लिक साठ्याला फार जड नसतो, कारण बदललेला तुकडाच जपला जातो. पण मोजणीत तोही एक पायरी आणि अख्ख्या शीटवरचा फिल्टरही एक पायरी. उपाय कामाच्या पद्धतीत आहे. डाग काढायला वर एक रिकामा लेअर घ्या, स्पॉट हीलिंग ब्रशला सॅम्पल ऑल लेअर्सची खूण लावा, क्लोन स्टॅम्पला करंट अँड बिलो. सगळी डागडुजी त्या रिकाम्या लेअरवर उतरते. नवरीच्या गालावरचा एखादा तीळ चुकून गेला तर तेवढाच ठिपका इरेजरनं पुसायचा, खालचा खरा गाल जसाच्या तसा असतो. याला अनडू लागतच नाही, आणि ही सोय दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावरही शाबूत असते.

हळदीचे फोटो या बाबतीत सर्वांत खर्चिक. अंगणातल्या मांडवात पिवळं कापड, अंगावर हळद, वरून उन्हाची उसळी, सगळे चेहरे पिवळेजर्द. हा रंग उतरवायला लोक थेट फोटोवर ह्यू-सॅच्युरेशन मारतात, आवडलं नाही की अनडू, मग कलर बॅलन्स, मग परत अनडू. शीट सपाट असेल तर प्रत्येक प्रयत्नाला १११ एमबी. तेच अ‍ॅडजस्टमेंट लेअरनं केलं तर बदलतात फक्त घसरपट्टीचे आकडे, चित्राला कुणी हात लावत नाही आणि साठ्यात जवळजवळ काहीच पडत नाही. ह्यू-सॅच्युरेशनच्या अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये यलोज निवडून सॅच्युरेशन थोडं खाली, लाइटनेस किंचित वर, आणि मास्कवर, म्हणजे लेअरचा परिणाम कुठं लपवायचा ते ठरवणाऱ्या पडद्यावर, काळ्या ब्रशनं हळदीचे हात आणि वाटी मोकळी सोडायची. हळद हळदीसारखीच दिसली पाहिजे, चेहरा तेवढा माणसाचा हवा. हे आकडे पुढच्या फोटोला तसेच चालतात, लेअर ओढून टाकला की झालं.

त्वचा गुळगुळीत करायच्या तयार अ‍ॅक्शनबद्दल सावध राहा. ती आधी नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या ओळीनं चालवते, एका बटणात काम होतं, पण अ‍ॅक्शनच्या आतली प्रत्येक पायरी हिस्टरीत वेगळी मोजली जाते. लेअरची नक्कल, उलटा, हाय पास, ब्लर, मास्क, असं करत दहा-पंधरा पायऱ्या एका दमात येतात आणि तुमच्या हातच्या आधीच्या पायऱ्या बाहेर फेकल्या जातात. म्हणून अ‍ॅक्शन शीटवर चालवू नका. मूळ फोटोवर चालवा, सेव्ह करा, मग तो फोटो शीटवर घ्या आणि मागची खिडकी लगेच बंद करा. शीटवरच चालवणं भाग असेल तर आधी एक स्नॅपशॉट घ्या आणि काम जमलं की तो स्नॅपशॉट पुसून टाका. स्नॅपशॉटची यादी पायऱ्यांच्या मर्यादेत मोजली जात नाही, त्यामुळं तो विसरला की शीट बंद होईपर्यंत जागा अडवून ठेवतो.

आता लाइनचं. आमच्याकडं लाइन सांगून जात नाही. वादळ आलं, डीपी जळाली, की रात्रभर पत्ता नसतो, आणि यूपीएस पाच-दहा मिनिटं साथ देतो. अनडूचा इतिहास फाइलमध्ये सेव्ह होत नाही. फोटोशॉपची पीएसडी असो की गिंपची एक्ससीएफ, फाइल बंद झाली की पायऱ्या गेल्या. २०० पायऱ्या जपण्यात जो भरवसा वाटतो तो लाइन जाताच शून्य होतो. म्हणून मागं फिरायची सोय डिस्कवर, टप्प्याटप्प्यानं ठेवा: मांडणी झाली की एक फाइल, रंग झाले की दुसरी, डागडुजी झाली की तिसरी. नावं साधी, शीट-०७-मांडणी, शीट-०७-रंग. शीट लॅबला गेली, अल्बम छापून घरी पोचला, की मधल्या फाइली पुसायच्या. प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगच्या पानावर आपोआप रिकव्हरी साठवायची वेळ मूळ १० मिनिटं असते, ती ५ केली. त्या रिकव्हरीतून चित्र परत मिळतं, पायऱ्या मिळत नाहीत. पीएसडी २ जीबीच्या वर जात नाही हेही लक्षात असू द्या, जड शीट पीएसबीत सेव्ह करावी लागते.

लाइन अशी अचानक गेली की आणखी एक गोष्ट मागं राहते, आणि तीच महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. फोटोशॉप नीट बंद झालं तर आपली स्क्रॅच फाइल स्वतः पुसतं. झटक्यात बंद झालं तर ती तशीच पडून राहते. प्रत्येक फाइल कित्येक जीबीची. आमच्या एसएसडीवर अशा चार निघाल्या, आणि सी ड्राइव्ह का भरतोय याचं उत्तर तिथं सापडलं. शोधायला फोटोशॉप पूर्ण बंद करा, विंडोज आणि आर ही बटणं दाबा, येणाऱ्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, इंग्रजीत टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह लिहून एंटर. फोल्डर उघडलं की आकारानुसार लावा. फोटोशॉप टेम्प या नावानं सुरू होऊन पुढं लांबलचक आकडा असलेल्या फाइली पुसायच्या. स्क्रॅच दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर त्या ड्राइव्हवर शोधा. फोटोशॉप चालू असताना मात्र त्यांना हात लावू नका, त्यातली एक तेव्हा वापरात असते.

गिंपचं गणित थोडं वेगळं आहे आणि तिथं चूक होते ती एकाच जागी. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टम रिसोर्सेस या पानावर अनडूचे दोन आकडे असतात. एक, किमान किती पायऱ्या ठेवायच्या. दोन, अनडूला जास्तीत जास्त किती मेमरी द्यायची. किमान पायऱ्या मूळच्या ५ असतात. पहिला आकडा दुसऱ्यावर मात करतो: किमान १०० लिहिलं तर मेमरीची मर्यादा कितीही कमी असली तरी गिंप त्या १०० पायऱ्या सोडत नाही. किमान पायऱ्या पूर्ण झाल्या, की त्यापुढच्या पायऱ्या मेमरी उरली असेल तरच टिकतात. म्हणून किमान आकडा लहान ठेवायचा, आम्ही १० ठेवला, आणि मेमरी १ जीबी दिली. ही मर्यादा प्रत्येक चित्राला वेगळी लागते, तेव्हा सहा चित्रं उघडी असली तर सहापट धरा. त्याच पानावर टाइल कॅश, म्हणजे चित्रांसाठी गिंपनं किती रॅम वापरायची तो आकडा, आहे, ८ जीबीच्या मशीनला ४ जीबी ठीक. ती फारच कमी ठेवली तर गिंप रॅम मोकळी असतानाही डिस्कवर लिहायला लागतं. स्वॅपचं, म्हणजे गिंपच्या स्क्रॅचचं, फोल्डर प्रेफरन्सेसमध्येच फोल्डर्सच्या पानावर बदलता येतं, ते एसएसडीवर द्या.

गिंपमध्ये इमेज मेनूतलं प्रिसिजनही तपासा. ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटवर पारदर्शकता धरून एका पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे आपली १२ बाय ३६ची शीट एका लेअरला ५९३ एमबी. लॅबला शेवटी ८ बिटची जेपेग जाणार आहे. रॉ फाइलवरचं रंगाचं काम संपलं की ८ बिटवर आणा. अनडू हिस्टरीच्या टॅबवर खाली झाडूचं चित्र आहे, ते दाबलं की किती मेमरी मोकळी होणार हे गिंप आकड्यासकट सांगतं आणि मग विचारतं. २.१० पासून डॅशबोर्ड नावाचं पॅनेलही आलंय, त्यात कॅश आणि स्वॅपचे पट्टे डोळ्यांसमोर हलताना दिसतात. स्वॅपचा पट्टा वर चढायला लागला की झाडू मारायची वेळ झाली.

हे सगळं केल्यावर त्याच मशीनवर, त्याच ८ जीबी रॅममध्ये, सहाव्या शीटलाही एफिशियन्सी ९५ च्या वर राहते. शीट बदलताना आम्ही जुनी फाइल बंद करतो, आणि जेवणाच्या सुट्टीत फोटोशॉप एकदा बंद करून उघडतो. नव्या माणसाला काम देताना तळाशी एफिशियन्सीचा आकडा कायम दिसत ठेवायला सांगतो. तो ९० च्या खाली आला की आधी मागच्या खिडक्या बंद, मग सेव्ह, मग पर्ज.